कानात बोळे

आंबोलीला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. जुलै महिना. पुण्याहून सकाळी उशिरा निघालो होतो. कोल्हापूर, निपाणी, उत्तूर, आजरा करत साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर झाले होते, आणि शेवटचा तासभर पाऊस एका लयीत अंगावर येत होता. आम्ही दोघी, दोन मोटारसायकली. रेनकोट पडवीतल्या खुंट्यांना टांगले, चहाच्या पेल्यांवर हात शेकत बसलो. मैत्रिणीने डोळे मिटले आणि म्हणाली, "रातकिडे काय ओरडतायत गं!"

मी कान दिला. पन्हाळीतून गळणारं पाणी ऐकू आलं. मागच्या डबक्यातले बेडूक ऐकू आले. आत कोणीतरी भांडी लावत होतं, तेही. रातकिडे मात्र कुठेच नव्हते. त्यांच्या जागी डोक्याच्या मधोमध एक बारीक, सरळ, न थांबणारं ईंऽऽ वाजत होतं. ते मला नवं नव्हतं. लांबची मजल झाली की ते यायचंच. बंद केलेलं इंजिन गार होताना टिकटिकतं, तसं हेही प्रवासाचंच एक अंग असावं, असं मी बारा वर्षं धरून चालले होते.

रात्री कधीतरी जाग आली. पाऊस थांबला होता आणि खोली रातकिड्यांनी काठोकाठ भरली होती. कानाला टोचावा इतका तो आवाज तीव्र होता. संध्याकाळीही तो तितकाच असणार. मैत्रीण ऐकत होतीच की. मी अंधारात उठून बसले. आप्पांची आठवण आली आणि पोटात खड्डा पडला.

आप्पा म्हणजे माझे वडील. इचलकरंजीत अठ्ठावीस वर्षं त्यांनी माग चालवले. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी त्या गावात पहिला यंत्रमाग बसवला, आणि त्यानंतरचं गाव त्या आवाजाच्या भोवतीच वाढत गेलं. आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून कारखाने होते. निजताना खटक-खटक, उठताना खटक-खटक. रात्री वीज गेली की सगळी गल्ली दचकून जागी व्हायची, ती शांततेमुळे. साध्या मागावर लाकडी धोटा मिनिटाला शंभर-दीडशे वेळा या टोकाकडून त्या टोकाकडे फेकला जातो आणि दर वेळी टोकाला आपटतो. पत्र्याच्या एका शेडमध्ये असे वीस-पंचवीस माग. त्यातले सहा आप्पांकडे. पाळी बारा तासांची.

त्या शेडमध्ये कोणी बोलत नसे. बोलून उपयोगच नव्हता. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला बोलवायचं तर हवेत पाना फिरवायचा, सुताच्या कांड्या संपल्या की दोन बोटं उडवायची, मालक आले की मिशीवरून बोट फिरवायचं. मी डबा घेऊन जायची तेव्हा आप्पा खांद्यावर दोन थापा मारायचे. दोन थापा म्हणजे 'बरं आहे, जा आता'. घरीही ते तसेच. जेवताना भाजी हवी असली तर आईच्या हाताला बोट लावायचे. लहानपणी मला वाटायचं, आप्पा मुळातच कमी बोलणारे आहेत.

कापसाच्या गावात कानात कापूस घालणारा माणूस मात्र मी पाहिला नाही. एकदा विचारलं तर आप्पा म्हणाले होते, "माग ऐकावा लागतोय पोरी. सूत तुटल्यालं आधी कानाला कळतंय, मग डोळ्याला." त्यात गर्व होता आणि तो खरा होता. सहा मागांच्या गदारोळात चौथा माग किंचित वेगळा वाजला की ते मान वळवायचे. तो कान त्यांची कारागिरी होती. आणि रोज बारा तास, थोडाथोडा करून, तोच कान झिजत होता. साधा कापूस घातला असता तरी फारसं काही साधलं नसतं. कापूस आवाज अडवत नाही, फक्त अडवल्यासारखा वाटतो.

आता आप्पा सत्तरीचे आहेत. ते म्हणतात, "ऐकू येतंय, पर कळत न्हाई." या पाच शब्दांत सगळा आजार येतो. त्यांना आवाज येतो. स्वर येतात, आ, ओ, ऊ; पुरुषांचं खर्जातलं बोलणंही बऱ्यापैकी येतं. पण स, श, फ, थ, ख यांचा जो बारीक, हवेचा भाग असतो तो उंच पट्टीतला, आणि आप्पांच्या कानात नेमकी तीच पट्टी कोरी झालेली आहे. 'साठ' आणि 'आठ' त्यांना एकच. माझी भाची सात वर्षांची, तिचा आवाज पातळ. ती आजोबांच्या मांडीवर बसून शाळेतलं सगळं सांगते, ते मान डोलावतात आणि चुकीच्या जागी हसतात. ती आता कमी सांगते.

आंबोलीहून परतताना मी इचलकरंजीला थांबले. हेल्मेट काढून ओसरीवर टेकले होते. आई स्वयंपाकघरातून येऊन समोर उभी राहिली. "किती हाका मारायच्या? कानात बोळं घातल्याती काय गं?"

आपल्याकडे हे रागाने म्हणायचं वाक्य आहे. न ऐकणाऱ्याच्या कानात बोळे. त्या क्षणी ते मला उलट दिशेने लागलं. घातले असते तर आईची हाक ऐकू आली असती.

पुण्यात येऊन कानांची तपासणी करून घेतली. एका आवाजबंद खोलीत बसवतात, हेडफोन देतात, हातात बटण देतात. आवाजाचं टिंब ऐकू आलं की दाबायचं. सुरुवातीला सोपं असतं. मग टिंब इतकं बारीक होत जातं की ते वाजलं की आपण कल्पिलं हे समजेनासं होतं. निकाल आलेखावर येतो: आडव्या दिशेला आवाजाची पट्टी, हर्ट्झमध्ये; रेघ जिथे खाली जाते तिथे कमी ऐकू येतं. माझी रेघ बराच वेळ सरळ चालली आणि ४००० हर्ट्झपाशी खाली खड्ड्यात उतरून ८००० ला पुन्हा वर आली. डाव्या कानात खड्डा जरा जास्त खोल. तपासणाऱ्या बाईंनी आलेख पाहून पहिला प्रश्न विचारला, "कारखान्यात कामाला आहात का?" आप्पांचा जुना आलेख मी फोनवर काढून त्यांना दाखवला. त्यांचा खड्डा आता दरीएवढा झाला आहे, पण सुरुवात त्याच जागी. बाप-लेकीचं नाक-डोळे मिळावेत तसे ते दोन खड्डे.

४००० च का, हे त्यांनी समजावून सांगितलं, आणि मला ते जाणून घ्यायचंच होतं. बाहेरून पडद्यापर्यंत जाणारी कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची असते. बासरीत फुंकल्यावर एक ठरावीक सूर घुमतो तशी ही नळी तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवते. त्याचा मार आतल्या गोगलगायीच्या शंखासारख्या नळीत त्याहून जरा वरच्या पट्टीच्या जागेवर बसतो. तिथे केसाळ पेशींच्या रांगा असतात, एका कानात मिळून पंधरा हजारांच्या आसपास. आवाजाने त्या लवतात, आणि ते लवणं मेंदूला कळतं. फार वेळ फार जोरात लववल्या तर त्या दमून आडव्या होतात. रात्रभरात बऱ्याचशा पुन्हा उभ्या राहतात. आंबोलीला मध्यरात्री रातकिडे परत आले ते असे. काही मात्र उभ्या राहत नाहीत. त्या मेल्या की मेल्या. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात. माणसाच्या नाही.

यात कुठेही दुखत नाही. हात भाजला की आपण ओढून घेतो; कान भाजतो तेव्हा काहीच होत नाही, एक ईंऽऽ सोडून.

मी गाडीवर मुद्दाम आवाज करणाऱ्यातली नाही. माझी साडेतीनशे सीसीची गाडी कंपनीने दिलेल्या सायलेन्सरवरच आहे. म्हणून मला वाटायचं, माझा आवाजाशी काय संबंध? पण महामार्गावरच्या मोटारसायकलवर कानाचं नुकसान करणारी गोष्ट इंजिन नसतेच. ताशी साठ-सत्तरच्या पुढे गेलं की वाऱ्याचा आवाज इंजिनाला गिळून टाकतो. हेल्मेटवर आपटणारी हवा त्याच्या खालच्या कडेशी, हनुवटीच्या आणि मानेच्या पोकळीत भोवरे खात आत घुसते, आणि ते भोवरे थेट कानाशेजारी फुटत राहतात. ऐंशी-नव्वदच्या वेगाला हेल्मेटच्या आत साधारण नव्वद ते पंच्याण्णव डेसिबल होतात. शंभर-सव्वाशेला आकडाही शंभरी गाठतो. हेल्मेट डोकं वाचवतं, आणि ते घातलंच पाहिजे. पण कानासाठी त्याचा भरवसा नाही. त्याचं थर्माकोल उंच पट्टीचा आवाज थोडाफार अडवतं, वाऱ्याचा घुमारा मात्र खर्जातला असतो आणि तो त्यातून पार होतो. महाग हेल्मेट घेतलं, मानेपाशी कापडी पडदा लावला, तर फरक पडतो, पण थोडाच. गाडीच्या पुढे उंच काच बसवली तर कधीकधी वाढतंच, कारण काचेच्या कडेवरून सुटलेली खवळलेली हवा नेमकी हेल्मेटवर येते.

आता हिशेब. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी नायॉश ही सरकारी संस्था सांगते की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास, ही हद्द. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा, कारण डेसिबलच्या मापात ३ ने वाढणं म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट होणं. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. पुण्याहून कात्रजच्या बाजूने निघालं तर खंबाटकीचा घाट चढेपर्यंत तासाभराचा प्रवास होतो. माझ्या कानांचा त्या दिवसाचा वाटा तिथेच संपत होता. पुढे सातारा, कराड, कोल्हापूर, सगळं उधारीवर. आणि ही उधारी मी दर महिन्याला, बारा वर्षं करत होते, आई-वडिलांना भेटायला जाण्यासाठी.

हा हिशेब मी कागदावर मांडला आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. आप्पांनी कान घालवले ते आम्हाला शिकवायला. त्यांना पर्याय ठाऊक नव्हता, कोणी दिलाही नाही. मला मात्र तो दहा-वीस रुपयांत मिळत होता.

आंबोलीच्या मैत्रिणीच्या जॅकेटच्या खिशात ते असायचेच, फेसाचे नारिंगी बोळे, दोरीने जोडलेले. पेट्रोल भरताना ती काढायची, निघताना घालायची. मी कधी विचारलं नव्हतं. भोसरीला सेफ्टीचं सामान विकणाऱ्या दुकानात मी गेले तेव्हा हेल्मेट, हातमोजे, गमबूट यांच्यामध्ये ते पिशव्या भरभरून पडलेले होते. दुकानदाराने विचारलं, "कंपनीसाठी किती पाहिजेत?"

घालायला शिकावं लागतं, हे कोणी सांगत नाही. नुसता कानाच्या तोंडाशी ठेवलेला बोळा हा बोळाच नव्हे. हात स्वच्छ धुवायचे. बोळा बोटांत वळून-वळून वातीसारखा बारीक करायचा, सुरकुती न पडू देता. मग विरुद्ध बाजूचा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे नळी सरळ होते. वात आत सरकवायची आणि बोट लावून तिशीपर्यंत मोजायचं. फेस सावकाश फुगतो, आणि जग पायरीपायरीने खाली उतरत जातं. ही तीस सेकंदं मला फार आवडतात. वेष्टणावर आवाज तीस-बत्तीस डेसिबलने कमी होतो असं लिहिलेलं असतं. तो प्रयोगशाळेतला आकडा, रस्त्यावर त्याहून पुष्कळ कमी मिळतो. पण पंच्याण्णवातून पंधरा-वीस जरी गेले तरी दिवसभराची सवड मिळते. काढताना खसकन ओढायचा नाही, पिरगळत सोडवायचा, नाहीतर पडद्याला ओढ बसते. मळला की टाकून द्यायचा. हेल्मेटचं अस्तर घासून बोळा हलत असेल तर तो पुरेसा आत गेलेला नाही असं समजायचं.

पहिल्यांदा घालून निघाले त्या दिवशी शिरवळच्या पुढे मला गाडीची चेन ऐकू आली. खरंच ऐकू आली, एक कोरडी करकर, जी मी त्याआधी फक्त थांबल्यावर ऐकली होती. वारा आता खोलीच्या बाहेर होता आणि मी आत. इंजिनाचा ठोका पायांच्या तळव्यांतून, टाकीला टेकलेल्या गुडघ्यांतून वर येत होता. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न आला तो स्वच्छ, त्याच्या स्वतःच्या सुरात. सगळे हेच विचारतात, हॉर्न ऐकू येतो का? येतो. आमच्या घरी आकाशवाणी सांगली लागायचं. आप्पा रेडिओ पूर्ण मोठा करायचे आणि मग आवाज फाटायचा, बातम्यांतले शब्द एकमेकांत मिसळून जायचे. आई येऊन बटण थोडं मागे फिरवायची, आणि शब्द सुटे व्हायचे. बोळे तेवढंच करतात. वारा आणि हॉर्न दोन्ही खाली येतात, आणि कान फाटेनासा झाला की तो पुन्हा निवड करायला लागतो. आप्पा मागाबद्दल जे म्हणायचे तेच बुलेटवाले मित्र मला सांगतात, गाडी ऐकावी लागते. मी त्यांना सांगते, म्हणूनच.

एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. वाऱ्याचा आवाज कमी झाला की वेगही कमी वाटतो. साताऱ्याजवळ मी काट्याकडे पाहिलं तर मला वाटत होता त्यापेक्षा तो पंधराने पुढे होता. आता दर काही मिनिटांनी काट्याकडे नजर टाकायची सवय लावून घेतली आहे.

आणि शहरात मी बोळे घालत नाही. पुण्यात तीस-चाळीसच्या वेगात वाऱ्याचा प्रश्नच नसतो. तिथे उजवीकडून घुसणारी रिक्षा, सायकलची घंटा, रस्ता ओलांडणाऱ्या आजीने मारलेली हाक, हे सगळं मला हवं असतं. कात्रज ओलांडलं की बाजूला थांबून घालते. आधीच कमी ऐकू येणाऱ्याने तर तपासणाऱ्याला विचारूनच ठरवावं. आणि बोळ्याच्या जागी गाणी लावलेले इअरफोन घालणं ही निराळीच गोष्ट, तिला माझा ठाम विरोध आहे. वाऱ्यावर मात करण्यासाठी गाणं वाऱ्याहून मोठं करावं लागतं, मग कानाला एकाऐवजी दोन मार.

जाता जाता एक सांगायचं आहे, कारण ते मनातून जात नाही. सायलेन्सर बदलून फटाके फोडत जाणाऱ्यांवर पुण्यात पोलीस कारवाई करतात, जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडतात. मला त्या मुलांचा राग येतो. वारा फक्त माझा कान घेतो, तो माझा प्रश्न. त्यांचा आवाज तिसऱ्या मजल्यावरच्या आजारी माणसाचा, पाळण्यातल्या बाळाचा कान घेतो, आणि त्यांच्या कानात बोळे नसतात.

कराडच्या पुढे कधी ईंऽऽ सुरू व्हायचं ते आता होत नाही. कोल्हापूर आलं की पूर्वी खांदे दगड झालेले असायचे, तेही कमी झालं. थकवा रस्त्याचा असतो असं मी मानत होते. त्यातला बराचसा आवाजाचा होता. खड्डा मात्र आहे तिथेच आहे, आणि तो राहणार. दर वर्षी तपासून घेते. तीन वर्षांत तो पुढे सरकलेला नाही.

गेल्या मार्गशीर्षात आप्पा म्हणाले, वाडीला जाऊन येऊ. नृसिंहवाडी आमच्या घरापासून फार लांब नाही. मोटारीने जाऊ म्हटलं तर नको म्हणाले, तुझ्या गाडीवर. आईने त्यांना मफलर गुंडाळला. मी दुसरं हेल्मेट आणलं. वाडीच्या रस्त्याला काही ऐंशीने जायचं नव्हतं, बोळ्यांची गरजही नव्हती, पण माझ्या हातात ते पाहून त्यांनी मागून घेतले. तळहातावर घेतले, एक दाबला, तो सावकाश फुगताना पाहिला, पुन्हा दाबला. सूत पारखायचे तसं अंगठ्याने चोळून पाहिलं.

"कशाचं हाय?"

"फेसाचं. कारखान्यात घालतात, आप्पा."

त्यांना नीट ऐकू आलं नसावं, किंवा आलं असेल. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "घाल की."

मी डोक्यावरून हात नेऊन त्यांचा कान वर ओढला. वडिलांच्या कानाला मी आयुष्यात पहिल्यांदाच हात लावत होते. कान मऊ होता, थंडीने गार पडलेला. बोट लावून तिशीपर्यंत मोजलं, मग दुसरा कान. ते डोळे मिटून उभे होते, देवळात उभे राहतात तसे.

हेल्मेट घातलं, मी गाडी सुरू केली, ते मागे बसले. पंचगंगेच्या बाजूने ऊस तोडणीला आला होता, हवेत गुऱ्हाळाचा वास होता. एका वळणावर एका कारखान्यावरून गेलो. पत्र्याच्या शेडचं दार उघडं होतं, आत साधे माग चालू होते. मला त्यांची खटक-खटक लांबून आल्यासारखी ऐकू आली. आप्पांना काय आणि किती ऐकू आलं, मला माहीत नाही. मी वेग कमी केला.

माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या.